कोणत्या ताईची?

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी, जुम्याच्या नमाजाला उशीर होत असताना, उजवा पाय पायजम्यात गेलेला आणि डावा जायच्या बेतात, अशा अवस्थेत मी पडलो.

पडण्यातही प्रतिष्ठेचे प्रकार असतात. मोटारसायकलवरून पडलेल्याला लोक ट्रकचा नंबर विचारतात. मोहफुलं वेचायला गेलेला माणूस अस्वलाला भिऊन पडला तर पेपरात नाव येतं, वनखात्याचे लोक घरी येऊन चहा पितात. पायजम्यातून पडलेल्या माणसासाठी मात्र कुठल्याच खात्यात तरतूद नाही. त्यातून मी एकटा पडलो नाही. आधारासाठी स्टीलची मांडणी धरली, आणि तीही बिचारी माझ्या भरवशावर उभी असल्यासारखी माझ्यामागून खाली आली.

माझी बायको शमीम स्वयंपाकघरातून धावत येईपर्यंत शेजारचे श्रावणभाऊ येऊन पोचलेही होते. हे निवृत्त तलाठी. तीस वर्षं अतिवृष्टीचे पंचनामे केल्यामुळे कुठेही काही आडवं झालेलं दिसलं की त्यांचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जातो.

“तोंड कोन्त्या दिशेले होतं, फारूकभाऊ?” त्यांनी विचारलं.

“पडलो तेव्हा की आता?”

“दोन्ही सांगा.”

शमीमनं आधी माझ्यावर चादर टाकली, मग ताटं उचलली, आणि मग मला. हा क्रम मी लक्षात ठेवला आहे.

मी बासष्ट वर्षांचा. माझं चष्म्याचं दुकान आहे, भर चौकात. गावाचं नाव सांगत नाही, कारण नगरपंचायतीतल्या लोकांचे चष्मे माझ्याकडेच बनतात आणि ते आता सगळं वाचू शकतात. ब्रह्मपुरीहून शेअरिंग जीपनं चाळीस मिनिटं, एवढं पुरे. दुकानातला माणूस म्हणून माझी गावात एक आब होती. लोकांना दूरचं-जवळचं दाखवणारा माणूस. पण संध्याकाळपर्यंत चौकात खबर पोचली की चष्मेवाले फारूकभाऊ पायजम्यात अडकून पडले, आणि जो तो काउंटरवरून वाकून माझ्या कमरेखाली बघायला लागला.

रविवारी नागपूरहून अदीबा आली. ही आमची मुलगी, फिजिओथेरपिस्ट. तिनं मला अंगणात उभं केलं, मोबाईलवर घड्याळ लावलं आणि म्हणाली, “अब्बा, एक पाय उचला.”

मी उचलला. एक सेकंद झाला, दोन झाले. तिसऱ्या सेकंदाला मी पेरूच्या झाडाला मिठी मारली.

“हवा होती,” मी म्हणालो.

अदीबा हसली नाही. ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि लहान असताना खोटं पकडल्यावर मी तिच्याशी जसा बोलायचो, तशा आवाजात बोलली. “अब्बा, पुढच्या वेळी मांडणी नसेल, गटाराचा काठ असेल. तुमच्या वयात खुबा मोडला की लवकर उठता येत नाही. माझ्याकडे रोज येतात असे लोक. ते पण म्हणतात, हवा होती.”

तिनं फैसला सुनावला. स्कूटरची चावी अम्मीकडे जमा. तीन महिन्यांत दोन्ही पायांवर दहा-दहा सेकंद उभं राहून दाखवायचं. नाहीतर दुकान बंद, आणि दोघांनी नागपूरला तिच्या फ्लॅटवर राहायला यायचं. चौथा मजला. तिथल्या खिडकीतून खाली पाहिलं की समोरच्या इमारतीतल्या माणसाची वाळत घातलेली बनियन दिसते, आणि वर पाहिलं की त्याच्या वरच्या माणसाची. तिथे मी काय करणार? माणूस चौकात बसून म्हातारा झाला की चौकातच बरा दिसतो.

“आणि हे दहा सेकंद येणार कुठून?” मी विचारलं.

“ताई ची,” अदीबा म्हणाली.

मग तिनं समजावलं. हा चीनमधला जुना व्यायाम. सगळं सावकाश. गुडघे थोडे वाकलेले, श्वास चालू, आणि शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर असा न्यायचा, जसं काठोकाठ भरलेलं पातेलं ओट्यावरून उचलून नेतो. त्यानं घोट्यांत आणि मांड्यांत ताकद येते, तोल सुधारतो, म्हातारी माणसं कमी पडतात. झोप बरी लागते, बीपीलाही थोडी मदत होते. “पण बीपीच्या गोळ्या चालूच ठेवायच्या,” तिनं बजावलं, “आणि रोज करावं लागतं. एका आठवड्यात काही होत नाही.”

कुंपणापलीकडून श्रावणभाऊंचं डोकं वर आलं. “काऊन? आपल्याकडं योगा नाई काय?”

“आहे ना काका. करता का तुम्ही?”

“नाई.”

डोकं खाली गेलं.

अदीबानं मोबाईलवर एक व्हिडिओ काढून दिला. पांढऱ्या रेशमी कपड्यातला एक चिनी म्हातारा कुठल्याशा तळ्याकाठी हात फिरवत होता. एकेका हालचालीचं नाव खाली येत होतं: ढगांत हात फिरवणे, घोड्याची आयाळ दुभागणे, बगळा पंख पसरतो, सोनेरी कोंबडा एका पायावर उभा राहतो. एकूण चोवीस हालचाली. मी मनात हिशोब केला, आठवड्याला दोन. आदमी शिकलेला असला की वेळापत्रक आधी बनवतो आणि त्या दिवसाचा व्यायाम त्यातच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मी गच्चीवर गेलो. माझ्या लक्षात राहिलं नाही की आमची गच्ची बस स्टँडच्या अगदी समोर येते. मी ढगांत हात फिरवायला सुरुवात केली तेव्हा गडचिरोलीची बस लागत होती. पहिल्या दिवशी दोन-चार प्रवाशांनी मला हात हलवून उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी एका कंडक्टरनं माझे हात म्हणजे बस मागे घ्यायची खूण समजून ड्रायव्हरला घंटी दिली आणि पानठेल्याचा एक बांबू गेला. तिसऱ्या दिवशी टाकीवर तीन वानरं येऊन बसली. आपल्याच घरातलं लग्न बिघडताना पाहावं, अशा चेहऱ्यानं त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं.

चौथ्या दिवशी दुकानात गर्दी झाली. ज्यांचे चष्मे पुढच्या आठवड्यात मिळणार होते, ते सगळे आजच मागायला लागले.

“एवढी घाई काय?” मी एकाला विचारलं.

“तसं नाई भाऊ,” तो खाली बघत म्हणाला, “पण लोक म्हणून राह्यले का तुमाले लकवा मारून राह्यला. हात आपोआपच हलते म्हणे. मंग म्हटलं, चष्मा घेऊन टाकावं.”

त्या दिवशी मला सिरोंच्याकडच्या एका वैद्याचा पत्ता, एका बाबाचा ताईत आणि कडुलिंबाच्या काढ्याची कृती एवढं मिळालं. शमीमनं ताईत तेवढा ठेवून घेतला. तिचे स्वतःचे गुडघे दोन वर्षांपासून इतके धरले होते की ती जिना आडवी होऊन, एकेक पायरी करत उतरायची. मी म्हणालो, “तू पण चल ना गच्चीवर.” ती म्हणाली, “अजी, घरातला एकच माणूस तमाशा करेल तर शोभते.”

तेव्हा मला बंद जागेची गरज भासू लागली. आमच्या ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली तेव्हा एक सभागृह बांधलं होतं. ते बांधल्यापासून कुलपात आहे, म्हणजे अजून नवंच आहे. मी तिथे सकाळी एक तास मागायचं ठरवलं. अर्ज श्रावणभाऊंनी लिहिला, कारण त्यांच्या हयातीत दुसऱ्या कुणी अर्ज लिहिणं त्यांना सहन होत नाही. ‘विषय : ताई ची करण्याकरिता सभागृह मिळणेबाबत.’ खाली ‘सबब विनंती की’ दोनदा, आणि ‘तरी’ चारदा. आम्ही दोघं तो घेऊन गेलो.

नगरपंचायतीत टेबलाशी कारकून आदेशबाबू होते. मुलगा हुशार, पण फाईल समोर आली की वय वीस वर्षांनी वाढतं. त्यांनी विषय वाचला.

“कोन्त्या ताईची?”

“कोणत्याच नाही,” मी म्हणालो. “ताई ची.”

“तेच विचारून राह्यलो. कोन्त्या ताईची? आन काय ताईची?”

“व्यायाम आहे तो.”

“मंग ताईचा व्यायाम लिवा ना. ‘ताईची व्यायाम’ होते काय कधी? व्याकरण पाहा जरा.”

तलाठ्याच्या व्याकरणाची चूक भर कार्यालयात निघाली. श्रावणभाऊंचे कान लाल झाले. मी घाईनं खुलासा केला, “नावच तसं आहे. चीनमधला व्यायाम आहे, तिथला शब्द आहे.”

आदेशबाबूंनी पेन खाली ठेवलं. “चीनचं आहे? मंग अवघड आहे भाऊ. आपला जिल्हा असा, बाजूचा गडचिरोली. पोलिसांचं ना हरकत लागन. आन ते वरून मागवतीन. आन वरचे आणखी वरून.”

मला ब्रह्मपुरीपासून बीजिंगपर्यंत फिरणारी फाईल डोळ्यांपुढे दिसली. आणि नेमक्या त्याच वेळी, मला वाचवण्यासाठी, श्रावणभाऊ बोलले.

“नाई नाई, आदेशबाबू! चीनबीन काई नाई. ताईचंच आहे ते!”

“असं सांगा ना मंग,” आदेशबाबू खुलले. त्यांनी अर्जाच्या कोपऱ्यावर तिरकं लिहिलं, ‘महिला व बालकल्याण समितीकडे उचित कार्यवाहीस्तव.’ आणि ठप्पा मारला. ठप्पा बसला की सत्य आपली जागा सोडून थोडं सरकतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

महिला व बालकल्याण समितीच्या सभापती चंचलताई. बाई मनानं वाईट नाहीत. कुणाच्या बारशाला बोलावलं तर जातात, मयतीला न बोलावता जातात. निवडणूक चार महिन्यांवर होती. तिसऱ्या दिवशी त्या सहा कार्यकर्ते, एक शाल आणि एक फोटोग्राफर घेऊन माझ्या दुकानात आल्या.

“फारूकभाऊ,” त्या म्हणाल्या. “माझ्या नावानं गावात बॅनर लागले, रस्ता झाला, हापशी झाली. पण सारं माझ्याच लोकांनी केलं. आपल्या मनानं माझ्या नावाचा अर्ज करणारे तुमी पहिले.”

“ताई, थोडा गैरसमज आहे. ते नाव तुमचं नाही—”

“तुमचा संकोच मी समजते.”

“संकोच नाही. तो शब्द दोन तुकड्यांत आहे. ताई वेगळी, ची वेगळी.”

“ताई वेगळी नाई भाऊ, ताई तुमचीच आहे.” आणि त्यांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली. फोटो निघाला. त्यात माझं तोंड ‘ची’ म्हणताना उघडं राहिलं आहे.

आठवड्याभरात चौकात बॅनर लागला: ‘ताईची! एक पाऊल आरोग्याकडे, एक पाऊल ताईसोबत.’ चंचलताई पूर्ण, नमस्कार करताना. खाली बारा गोल फोटो, त्यात अकराव्या गोलात मी, ‘संकल्पना : फारूकभाऊ चष्मेवाले’. माणसाला तोल सांभाळायला शिकवणारी गोष्ट चंचल नावानं सुरू होत होती, आणि याचं गावात कुणालाच काही वाटत नव्हतं. अदीबाला मी फोटो पाठवला. तिचा उलट निरोप आला: ‘अब्बा, किती सेकंद झाले?’

चार झाले होते. तेही चप्पल घालून.

उद्घाटन जुलैच्या सुरुवातीला, बुधवारी, म्हणजे आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवलं. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, अजून वीतभर होते, रोवण्याला, म्हणजे लावणीला, पंधरा दिवस होते, त्यामुळे खेड्यांतल्या बायका मोकळ्या होत्या. मी वीस-पंचवीस माणसांची अपेक्षा करून सकाळी सभागृहावर पोचलो तर पटांगणात चार जीप आणि दोन ट्रॅक्टर उभे. आत दीडशेवर बाया. प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत आधार कार्डाची झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि बँकेचं पासबुक.

पहिल्या ओळीतून एक उंच, काटक बाई उठली. पन्नाशीची असेल. नऊवारीचा काचा घट्ट मारलेला. तिनं मला विचारलं, “भाऊ, फारम कुठी भराचा?”

“कसला फारम?”

“ताईच्या योजनेचा.”

“बाई, योजना नाही. व्यायाम आहे.”

तिनं थोडा विचार केला. “व्यायाम केल्यावर फारम भेटते काय?”

तिचं नाव वच्छला. नदीकाठच्या टोलीवरून, छोट्या वस्तीवरून, आली होती, सोबत चौदा बायका घेऊन. पुढाकार घेऊन तिनंच सगळ्यांच्या झेरॉक्स काढल्या होत्या. तिला खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी म्हणालो, “बसा. पाहू.” सरकारी माणूस नसूनही मला ते उत्तर अगदी सहज आलं.

चंचलताई सव्वा तास बोलल्या. मग मला मंचावर बोलावलं. मागे बांबूंवर ताणलेला मोठा बॅनर, शेजारी खुर्चीत चंचलताई, समोर दीडशे बायका, आणि सर्वांत मागे दाराशी शमीम. मी पडलो तर चादर टाकायला ती आली होती, हे मला तिच्या हातातल्या पिशवीवरून कळलं.

मला चोवीसपैकी पाच हालचाली येत होत्या. ढगांत हात फिरवले. आयाळ दुभागली. मागच्या रांगेतलं एक लेकरू रडायला लागलं. मग मला अवसान चढलं. इतके लोक आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे, माझ्या कमरेखाली न बघता, बघत होते. मी माइकवर जाहीर केलं, “आता सोनेरी कोंबडा एका पायावर!”

उजवा गुडघा वर गेला. एक, दोन, तीन, चार. पाचव्या सेकंदाला कोंबडा डावीकडे कलला. मी हात टाकला, हाताला बांबू लागला. बांबूनं दुसऱ्या बांबूला सांगितलं. पूर्ण उंचीच्या चंचलताई, हात जोडलेल्या, सावकाश पुढे झुकल्या आणि खुर्चीतल्या चंचलताईंवर येऊन पडल्या. बॅनरखालून ताईंचा आवाज येत राहिला, “फोटो नको! फोटो नको!” फोटोग्राफरला तो ‘फोटो! फोटो!’ असा ऐकू आला.

मी मंचाच्या कडेला येऊन बसलो होतो. लागलं नव्हतं. पण दीडशे बायका हसत होत्या, आणि ते हसू थांबेपर्यंत मला नागपूरची चौथ्या मजल्यावरची खिडकी आणि समोरच्याची बनियन स्वच्छ दिसत होती. मी तोंड वर करत नव्हतो. तेवढ्यात कुणीतरी मंचावर चढलं.

“भाऊ, तुमी पायच चुकीचा टाकून राह्यले,” वच्छलाबाई म्हणाली. “पाय टाकता का अंग टाकता? दोन्ही एकदमच टाकता. धानाच्या बांधीत, चिखलात असा पाय टाकला तं तोंडावर पडान.”

“मग कसा टाकायचा?”

“रिकामा टाकाचा. आधी पाय जाते, पाहून येते. चिखल पसंत पडला का मंग भार द्याचा. नाई पसंत पडला तं पाय वापस.” तिनं करून दाखवलं. मागे मागे जात चार पावलं. काही खडखडलं नाही, काही हललं नाही. मोबाईलमधल्या चिनी म्हाताऱ्यानं पाहिलं असतं तर रेशमी सदरा काढून दिला असता.

“आणि एका पायावर?” मी विचारलं.

“ते काय मोठं?” तिनं डावा पाय उचलून उजव्या मांडीवर ठेवला, वाकली आणि तळव्यातला एक न दिसणारा काटा दोन बोटांनी शोधायला लागली. “शेताच्या धुऱ्यावर काटा रुतला तं बसाले जागा कुठी असते? असंच काढा लागते.” ती बोलत होती आणि मी मनात मोजत होतो. चाळीसनंतर मी मोजणं सोडलं.

समोरच्या सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या आणि आपापले काटे काढू लागल्या.

त्या दिवसापासून वर्ग सुरू झाला, आणि त्याचा शिक्षक मी नव्हतो, हे मला सोडून सर्वांना माहीत होतं. बुधवारी बाजाराच्या आधी बायका यायच्या. मी हालचालीचं नाव सांगायचो, व्हिडिओत कसं आहे ते दाखवायचो, आणि वच्छलाबाई मला दुरुस्त करायची. आदेशबाबू हजेरीचं रजिस्टर घेऊन बसायचे. रजिस्टर पाहून बायकांचा योजनेवरचा विश्वास पक्का होत गेला. मी दर बुधवारी सांगायचो, “बाई, फारम येणार नाही.” त्या माझ्याकडे दयेनं बघायच्या. याला वरच्या गोष्टी काय माहीत.

रोवणा लागला तेव्हा वर्ग बंद पडायची वेळ आली. वच्छलाबाई म्हणाली, “तुमीच या ना बांधीवर.” स्कूटरची चावी शमीमच्या ब्लाऊजमध्ये होती, म्हणून मी जीपनं गेलो, कोंबड्यांच्या टोपल्यांमध्ये बसून. सोबत श्रावणभाऊ, छत्री घेऊन, साक्षीदार म्हणून. पहिल्या दिवशी मी चिखलात दोनदा बसलो. रोवणाऱ्या बायका ओळीनं मागे सरकत होत्या, कंबरेत वाकून, आणि त्यांच्यामागून मी, रिकामा पाय टाकत, चिखलाला पसंत पडायची वाट बघत. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, श्रावणभाऊ सूचना देत होते. तिसऱ्या सूचनेनंतर धुरा घसरला आणि ते छत्रीसकट बांधीत आले. त्यांनी पंचनाम्याची भाषा केली नाही. नुसतं विचारलं, “बाई, पाय कसा टाकाचा म्हणता?”

असे आम्ही दोन म्हातारे अकरा दिवस चिखलात चाललो. शरीर मूर्ख असतं, त्याला समजावून काही उपयोग नसतो. पण बाराव्या दिवशी नमाजाला सजद्यातून उठताना माझा हात जमिनीकडे गेला नाही, हे मला नमाज झाल्यावर लक्षात आलं. झोप लागायला लागली. आणि एका सकाळी पायजमा घातला तेव्हा शमीम दारातून म्हणाली, “अजी, आज भिंत नाई धरली तुमी.” ती हे पाहण्यासाठी रोज दारात उभी राहत होती, हेही मला तेव्हाच कळलं.

रोवणा आटोपून वर्ग परत सुरू झाला, त्या बुधवारपासून ती वर्गात येऊ लागली. मागच्या ओळीत, खुर्ची धरून. “तुमच्यावर नजर ठेवाले,” ती म्हणाली. वच्छलाबाईनं तिची खुर्ची दर आठवड्याला एक बोट दूर सरकवली. मला वाटलं मलाच दिसतं, पण शमीमलाही दिसत होतं.

“वच्छलाबाई, तुम्हाला काय फायदा झाला?” मी एकदा विचारलं. “तुम्ही तर आधीच माझ्यापेक्षा पक्क्या.”

“रोवण्यात कंबर धरते भाऊ, मंग साऱ्या वर्षभर सुटत नाई. हे हळूहळू केलं का सैल होते. आन सैल झाली का झोप लागते.” मग इकडेतिकडे पाहून म्हणाली, “फारम नाई आला तरी चालन मले. पण बाकीच्याइले नोका सांगू.”

ऑगस्टच्या मध्यावर अदीबा आली. अंगणात घड्याळ लावलं. उजव्या पायावर चौदा सेकंद, डाव्यावर अकरा. पेरूचं झाड जागच्या जागी. तिनं घड्याळ दोनदा तपासलं, मग माझ्या घोट्यांना हात लावून पाहिलं, आणि उठताना डोळे पुसले. शमीमनं चावी काढून दिली. मी तीन महिन्यांनी स्कूटरला किक मारली, ती सोळाव्या किकला सुरू झाली, आणि मी चौकातून एक चक्कर विनाकारण मारली. लोकांनी पाहिलं. आब परत आली असं वाटलं.

तशाच डौलात बुधवारी सभागृहावर गेलो. दारावर कागद चिकटवला होता.

पत्र वरून आलं होतं. आदेशबाबूंचं रजिस्टर, चंचलताईंचे फोटो आणि लाभार्थ्यांची संख्या असा अहवाल वर गेला होता, आणि वरच्यांना तो इतका पसंत पडला की त्यांनी त्याची खरोखरची योजना करून टाकली. फारमसकट. ‘ताईची’ हा उपक्रम महिलांकरिता असल्याने, पत्रात म्हटलं होतं, प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी या महिलाच असाव्यात. सभागृहात पुरुषांना प्रवेश देऊ नये. प्रशिक्षक म्हणून श्रीमती वच्छला यांची मानधनावर नेमणूक करण्यात येत आहे.

“मसुदा पक्का आहे,” श्रावणभाऊ चष्मा वर करून म्हणाले. “कुठी बोट ठेवाले जागा नाई.”

“पण अर्ज मी केला होता!” मी आदेशबाबूंना म्हणालो. “संकल्पना माझी आहे. बॅनरवर आहे.”

“त्या बॅनरचं नोका काढू भाऊ,” आदेशबाबू हळूच म्हणाले. “ताई अजून विसरल्या नाई.”

वच्छलाबाई दारात आली. छातीवर प्लास्टिकचा बिल्ला. तिला अवघडल्यासारखं झालं होतं. “भाऊ, नियम आहे म्हणते. मी का करू?” मग आवाज खाली आणून म्हणाली, “व्हरांड्यातली खिडकी उघडी ठेवतो. खिडकीचं पत्रात काई लिवलं नाई, मी वाचून घेतलं पोरीकडून.”

आणि म्हणून आम्ही दोघं व्हरांड्यात उभे राहिलो, मी आणि श्रावणभाऊ, चपला काढून, खिडकीच्या गजांपलीकडे. बाजारात जाणारे लोक थांबून बघत होते. एकानं विचारलं, “आत काय वाटून राह्यले?” मी त्याला उत्तर दिलं नाही. माणसानं सगळ्यांनाच उत्तर द्यायचं ठरवलं तर तोल राहत नाही.

आत ढगांत हात फिरवून झाले. आयाळ दुभागून झाली. मग वच्छलाबाईनं हुकूम दिला, “एका पायावर!” साठ-सत्तर बायकांनी पाय उचलले. मीही उचलला, आणि सवयीनं मागच्या ओळीत पाहिलं. शमीम तिथे नव्हती. घाबरून मी ओळीमागून ओळ शोधली. ती दुसऱ्या ओळीत होती. जवळपास कुठेही खुर्ची नव्हती. तिनं डोळे समोर लावले होते, ओठ घट्ट मिटले होते, आणि तिचा उजवा पाय, तोच जिन्यावर आडवा उतरणारा, जमिनीपासून चांगला वीतभर वर होता. तो हलत होता. पण तो वर होता. मी मोजायला लागलो आणि कुठलाच आकडा मला आठवेना.

“ओ खिडकीवाले भाऊ!” वच्छलाबाई आतून ओरडली. सगळ्या बायका वळल्या, फक्त शमीम वळली नाही. “श्वास घ्या! लय वेळचा धरून ठेवला तुमी.”

मी घेतला.